प्रयोज्य

मानसशास्त्र मी आवडीने घेतलं नव्हतं. बारावीनंतर एफ.वाय.ला अर्थशास्त्राची तुकडी भरली होती, आणि खिडकीपलीकडच्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "सायकॉलॉजी टाकू का? त्यात जागा आहे." मी हो म्हटलं. देवळाली कॅम्पातून सिटी बसने नाशिकला यायचं, तास करायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचं, एवढीच परवानगी मला मिळाली होती. ती मिळवतानाच इतकी दमछाक झाली होती की विषयावरून भांडण्याचं त्राण उरलं नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा अण्णा म्हणाले, "म्हणजे वेड्यांचा अभ्यास. बरं झालं, घरातच सोय आहे," आणि स्वयंपाकघराकडे बघून हसले. आत आई भाकरी थापत होती. तिच्या हातांचा आवाज थोडा थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आमच्या घरातली बहुतेक बोलणी अशीच व्हायची. अण्णा तिच्याविषयी बोलायचे, ती पलीकडच्या खोलीत ऐकायची, आणि मी मधल्या दारात उभी असायचे.

अण्णा लष्कराच्या एका गोदामात कारकून होते. वर्दी नव्हती, पण वर्दीवाल्यांच्या संगतीने बोलण्यात एक हुकमी सूर आला होता, आणि तो ते घरीही उतरवून ठेवत नसत. आमचं क्वार्टर बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे पत्र्याचा पडवीवजा आडोसा. पहाटे बिगूल ऐकू यायचा, मग पोरांच्या सायकली, मग पाववाला, दुपारी लांबून पॅसेंजर गाडीची शिटी. हे सगळे आवाज आईला आवडायचे. पाववाल्याची आरोळी बदलली तर "आज त्याचा भाऊ आला वाटतं" असं ती बसल्या जागी सांगायची. तिला सोसायचा नाही तो एकच आवाज, आणि नेमक्या त्याच आवाजाच्या गावात तिला दिलेलं होतं. कॅम्पाच्या पलीकडच्या माळावर तोफांचा सराव चालायचा. आम्ही त्याला फायरिंग म्हणायचो. गोळा सुटला की आधी जमीन दबल्यासारखी व्हायची, मग खिडकीच्या काचा थरथरायच्या आणि मांडणीवरची ताटं एकमेकांवर वाजायची. कॅम्पातली माणसं त्याकडे लक्षही द्यायची नाहीत. पोरं अभ्यास करत, बायका गप्पा मारत, म्हातारे झोपत.

माझ्या आईला मात्र सवय झाली नाही. तिचं माहेर निफाडकडचं. लग्न होऊन ती कॅम्पात आली, मी झाले, मोठी झाले, कॉलेजात गेले, तरी झाली नाही. उद्या फायरिंग आहे असं अण्णांकडून कळलं की ती संध्याकाळीच मांडणीवरची भांडी उतरवून गोधडीत गुंडाळून ठेवायची. सकाळी कानात कापसाचे बोळे घालायची आणि पाटा-वरवंटा घेऊन मोरीजवळ बसायची. वरवंट्याची घरघर अगदी कानाशी असली की लांबचा आवाज थोडा बुजतो, हे तिचं तिने शोधून काढलं होतं. म्हणून फायरिंगच्या दिवशी आमच्याकडे चटण्याच चटण्या होत. शेंगदाण्याची, कारळाची, जवसाची, हिरव्या मिरचीचा ठेचा. बरण्या भरून वाहायच्या, शेजारी वाटी वाटी जायची, आणि शेजारणी बोटाने चाटून म्हणायच्या, "कौसाबाई, तुमच्या हाताला काय चव आहे हो." आणि तरीही एखादा गोळा अवेळी सुटला की तिच्या हातातलं जे असेल ते पडायचं, ती भिंतीशी अंग चोरून बसायची, ओठ पांढरे व्हायचे, आणि बराच वेळ तिला नावाने हाक मारली तरी ऐकू जायचं नाही. अण्णा घरी असले तर म्हणायचे, "इथली कुत्रीसुद्धा सरावली. ही तेवढी राहिली." हे ते चारचौघांतही म्हणायचे. साहेबांच्या बायकोपुढेही एकदा म्हणाले होते, आणि त्या बाई हसल्या होत्या.

आता माझ्या नातीच्या शाळेत समुपदेशक बाई आहेत. त्यांच्या खोलीत रंगीत उशा आहेत, आणि पोरीला परीक्षेची धास्ती वाटते म्हटल्यावर तिला तिथे बसवून तिच्याशी मऊ आवाजात बोलतात. चांगलंच आहे. पण कुणी असं मऊ बोलायला लागलं की मी अजून सावध होते. नातीला मी तसं सांगत नाही. तिच्या आईलाही नाही.

सबनीस मॅडमचा आवाज तसाच मऊ होता. आम्हाला मानसशास्त्र त्या शिकवायच्या. फिकट रंगाच्या सुती साड्या, मनगटावर पुरुषी घड्याळ, आणि बोलताना वर्गातल्या एकाच मुलीकडे बघत राहायची लकब. ज्या दिवशी तुमच्याकडे बघून त्या बोलल्या त्या दिवशी तुम्ही हवेत असायचा. बाकीचे प्राध्यापक टिपणं सांगायचे आणि आम्ही उतरवायचो. मॅडम विचारायच्या. "तुला राग आला हे तुला कसं कळतं? आधी राग येतो की आधी हात थरथरतात?" असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. राग येतो, एवढंच आमच्या घरात माहीत होतं, आणि तो कुणी करायचा हेही ठरलेलं होतं.

प्रॅक्टिकलला जोड्या लावायच्या. माझी जोडीदार मंगल, नाशिकरोडची, बडबडी, मनाने स्वच्छ. आरशात बघून ताऱ्याची आकृती गिरवायची, निरर्थक अक्षरं पाठ करायची, दिवा लागला की बटण दाबायचं, असे ते प्रयोग असत. एकजण प्रयोगकर्ता व्हायचा आणि दुसरा प्रयोज्य. प्रयोज्य म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. हा शब्द मला तेव्हा फार भारदस्त वाटला होता. प्रयोज्याला खुर्चीवर आरामात बसवावं, त्याला प्रयोगाचा खरा उद्देश आधी सांगू नये, आणि शेवटी त्याचे आभार मानावेत, असं मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं. मंगल आणि मी आळीपाळीने एकमेकींचे आभार मानायचो आणि फिदीफिदी हसायचो.

मग अभिसंधान आलं. घंटा वाजवून कुत्र्याला खायला घालायचं, पुन्हा पुन्हा घालायचं, की मग नुसती घंटा ऐकूनही त्याच्या तोंडाला पाणी सुटतं. मॅडम म्हणाल्या, भीतीचंही असंच असतं. एखादी भयंकर गोष्ट आणि एखादा आवाज एकत्र घडले की पुढे नुसता आवाजच पुरतो. माणूस घाबरट नसतो, त्याच्या शरीराने एक धडा गिरवलेला असतो. मी बाकावर बसले होते आणि माझे कान तापले. म्हणजे आई वेडी नव्हती. म्हणजे कुठेतरी, कधीतरी, काहीतरी घडलं होतं. तास संपल्यावर मी धावत मॅडमच्या मागे गेले आणि जिन्यातच त्यांना सगळं सांगितलं. चटण्या, गोधडीतली भांडी, अण्णांचं बोलणं, सगळं. त्या थांबल्या. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "शैला, तू फार बारकाईने बघतेस. मला तुझ्या आईला भेटायचंय."

त्या खरंच आल्या. रविवारी, बसने, कॅम्पाच्या बाजारातून रस्ता विचारत. आईने आदल्या दिवसापासून घर सारवल्यासारखं पुसून काढलं होतं. थंडीचे दिवस होते. तिने वांग्याचं भरीत, बाजरीच्या भाकरी, कांद्याची पात आणि शेवयांची खीर केली. मॅडम पाटावर बसून जेवल्या, भाकरी हाताने मोडून. दुसरी मागून घेतली. आईच्या चेहऱ्यावर त्या दिवशी जे होतं ते मी नंतर कधी बघितलं नाही. अण्णांनीही इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते मॅडमशी मधून मधून इंग्रजीत बोलत होते. जेवणं झाल्यावर मॅडम आईजवळ खाली सतरंजीवर बसल्या, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "कौसल्याबाई, हे पहिल्यांदा कधी झालं?"

आणि आईने सांगितलं. मला कधी सांगितलं नव्हतं. माझा मामा विहिरीत गेला एवढंच मला ठाऊक होतं, आणि मी समजत होते की तो बुडाला.

"इहीर खांदायला घेतली व्हती," आई म्हणाली. "दादा सुरुंगावर व्हता. खाली खडक लय कठीन. सुरुंग भरायचा, वात लावायची अन् वर यायचं. त्या दिशी एक उडालाच नाय. वाट बघितली, वाट बघितली. मंग दादा बघाया उतरला. मी वर भाकरी घिऊन उभी. मला म्हनला, कौसे, ठेव खाली, आलोच." मॅडमनी हात सोडला नाही. "मी भाकरी खाली ठिवायला वाकले, म्हनून मला दगुड लागला नाय."

अण्णा खुर्चीवर बसून नखं बघत होते. त्यांना हे ठाऊक होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. ठाऊक नसेल तर वाईट, आणि असेल तर फारच वाईट.

मॅडम म्हणाल्या, भीती घालवता येते. आवाज आधी अगदी बारीक ऐकवायचा, माणूस शांत असताना, आवडत्या माणसाजवळ. मग हळूहळू वाढवायचा. "तुम्ही सांगाल तिथे थांबायचं. कॉलेजात माझ्याकडे टेपरेकॉर्डर आहे. एकदा याल का?" आईने अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, "न्या की. काही फरक पडला तर माझ्यावर उपकारच होतील." मी विचारलं, "मॅडम, तिथे वर्ग असेल का?" त्या म्हणाल्या, "ज्यांना खरंच शिकायचंय अशा चार-दोन मुली असतील. तू असशील." त्या गेल्यावर आई बराच वेळ भांडी घासत होती आणि घासता घासता गुणगुणत होती. मला म्हणाली, "शैले, गेलं ना हे माझं, तर पयलं काय करीन सांगू? मांडनीवर भांडी उभी लावीन. सगळ्यांसारखी."

ठरल्या दिवशी आईने लग्नातली जांभळी साडी नेसली. मॅडमसाठी डब्यात शेंगदाण्याचे लाडू घेतले. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि नाशिक येईपर्यंत बाहेरचं बघत होती. भ्यायलेली नव्हती. कॉलेजच्या फाटकाशी तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "मी नीट दिसते ना? तुझ्या बाईंना कमीपना नको."

चार-दोन मुली नव्हत्या. मोठा हॉल होता, गॅदरिंगच्या वक्तृत्व स्पर्धा होतात तो. आमचा वर्ग होता, वरचे वर्ग होते, पहिल्या रांगेत आमचे प्राचार्य आणि दुसऱ्या कॉलेजातून आलेली काही प्राध्यापक मंडळी होती. स्टेजवर एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर टेपरेकॉर्डर आणि दोन्ही बाजूंना ते उंच काळे स्पीकर. मी दारातच थबकले. मॅडम लगबगीने पुढे आल्या, आईला नमस्कार केला, लाडवांचा डबा घेऊन बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "तू मागे बस. तू जवळ असलीस तर निरीक्षण शुद्ध राहणार नाही." मी म्हटलं, "मॅडम, तुम्ही म्हणाला होतात आवडत्या माणसाजवळ..." "ते पुढच्या टप्प्यात," त्या म्हणाल्या, आणि आईला हाताला धरून स्टेजवर घेऊन गेल्या.

आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली, हात मांडीवर, बघायला आलेल्या पाहुण्यांपुढे बसल्यासारखी. मॅडम बोलत होत्या ते बरंचसं इंग्रजीत होतं. मधून मधून सगळे आईकडे बघत. आपलं कौतुक चाललंय असं आईला वाटलं असावं, कारण ती थोडी हसली आणि पहिल्या रांगेला तिने नमस्कार केला. काही पोरं हसली. मॅडमनी आधी एक घंटा वाजवली, आणि विचारलं, "काही वाटलं?" आई म्हणाली, "नाय. देवळातली वाटली." मग पक्ष्यांचा आवाज, मग रेल्वेचा. आई दर वेळी मान हलवत होती. मी मागच्या रांगेत बसून स्वतःला समजावत होते की बारीक आवाजापासून सुरू करतील, बारीक आवाजापासून.

मग त्यांनी तोफ लावली. बारीक नाही. त्या स्पीकरांची असेल नसेल ती सगळी ताकद लावून.

खुर्ची पडली तो आवाज मला ऐकू आला नाही, फक्त पडलेली दिसली. आई टेबलाखाली होती. गुडघे छातीशी, दोन्ही हात डोक्यावर, जांभळी साडी अंगाखाली गोळा झालेली. आणि ती ओरडत होती, "दादा, वर ये. वर ये रे दादा, वर ये." हॉलमध्ये हसू फुटलं. सगळेच हसले असं नाही. पण जे हसले ते मोठ्याने हसले. मॅडमनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मला वाटलं, झालं, आता थांबवतील. त्या माइकपाशी गेल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "प्रतिक्रियेकडे नीट लक्ष द्या. आता तोच उद्दीपक पुन्हा दिला तर तीव्रता कमी होते की वाढते, ते बघू." आणि त्यांनी टेप मागे फिरवली.

पहिल्या वेळेबद्दल मी त्यांना कदाचित कधीतरी माफ केलं असतं. अंदाज चुकला, आवाज जास्त झाला, असं काहीतरी माझं मीच रचून घेतलं असतं. दुसऱ्या वेळेला काही रचता येत नाही.

मी कशी पोचले ते आठवत नाही. टेबलामागे जाऊन मी भिंतीतली वायर ओढली तेव्हा दुसरा आवाज अर्धाच निघाला होता. मॅडम म्हणाल्या, "शैला, जागेवर जा. तू सगळं बिघडवते आहेस." मी म्हटलं, "बास, मॅडम." एवढंच म्हणता आलं. त्यावर त्यांनी घड्याळ बघितलं, टेबलाखाली वाकल्या आणि अगदी सभ्यपणे म्हणाल्या, "थँक यू, कौसल्याबाई." पुढच्या रांगेतल्या एकाने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी आईजवळ फरशीवर बसले. साडी भिजली होती. मंगल धावत आली, तिने स्वतःची शाल आईच्या कमरेभोवती गुंडाळली आणि आम्ही दोघींनी तिला मागच्या दाराने बाहेर काढलं. नळापाशी बसवून पाणी पाजलं. बऱ्याच वेळाने आईचे डोळे माझ्यावर स्थिरावले. तिने पहिलं काय विचारलं असेल तर, "झाला का गं तुमचा तास? माझ्यापायी तुझं काय बिघडलं नाय ना?"

घरी आम्ही काही सांगितलं नाही. पण अण्णांच्या कचेरीतल्या कुणाचा तरी मुलगा त्या हॉलमध्ये होता. दोन दिवसांत अण्णांना कळलं, आणि टेबलाखालचं सगळं, साडीसकट, कळलं. ते घरी आले, बूट न काढता स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "माझी अब्रू कॅम्पात होती तेवढी पुरत नव्हती म्हणून नाशिकला नेऊन सांडलीस का?" आई पोळी लाटत होती. ती लाटतच राहिली. मी मध्ये पडले. मी म्हटलं, "अण्णा, तिचा काय दोष? मॅडमनी फसवलं. तुम्ही जाऊन विचारा त्यांना." ते म्हणाले, "उद्याच जातो."

दुसऱ्या दिवशी मी दिवसभर वाट बघत होते. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बापाचा अभिमान वाटला, आणि तो जेमतेम दिवसभर टिकला. संध्याकाळी ते आले, शर्ट काढून खुंटीला लावला, चहा मागितला. मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बाई फार सुसंस्कृत आहेत," अण्णा म्हणाले. "मला चहा दिला. मी माफी मागितली."

"कुणी? तुम्ही?"

"मग? एवढ्या मोठ्या लोकांसमोर तू तमाशा केलास. वायर उपटलीस. त्यांनी मनावर घेतलं असतं तर कॉलेजातून नाव काढलं असतं. पण म्हणाल्या, पोर हुशार आहे, फक्त भावनेच्या आहारी जाते. हा विषय तिला पुढे झेपणार नाही. पुढच्या वर्षी अर्थशास्त्र घ्यायला सांगा."

आईने चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. साखर बरोबर आहे का, असं तिने विचारलं.

पुढच्या वर्षी मी अर्थशास्त्र घेतलं. पुढे डी.एड. केलं, प्राथमिक शाळेत शिकवलं, मुलांना पाढे आणि कविता शिकवून निवृत्त झाले. काही वर्षांपूर्वी एका लग्नात सबनीस मॅडम भेटल्या. केस पांढरेशुभ्र, आवाज तोच. त्यांनी मला ओळखलं. "तू कॅम्पातली शैला ना? अगं, तुझ्या आईचं उदाहरण मी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी देत होते." मी विचारलं, "शेवट काय सांगायचात?" त्या म्हणाल्या, "बऱ्या झाल्या असं सांगायचे. मुलांना बरं वाटतं." मी हातातली ताटली तिथेच ठेवून बाहेर आले. आई तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. ती बरी झाली नाही. उलट पूर्वी तिला फक्त तोफेची भीती होती, त्या हॉलनंतर लोकांचीही बसली. हळदीकुंकवाला जाणं तिने सोडलं. माझ्या लग्नात ती मांडवात आलीच नाही. मागे आचाऱ्यांजवळ कांदे चिरत बसली, आणि कन्यादानाला माझ्या काका-काकूंना उभं केलं.

पण मला सांगायचंय ते त्याच वर्षीच्या परीक्षेचं. विषय सोडणार असले तरी पेपर द्यायचाच होता. मॅडमनी मला प्रॅक्टिकलला काठावर पास केलं होतं. लेखी पेपरला दुसराच प्रश्न होता, अभिसंधित भीती म्हणजे काय ते दैनंदिन जीवनातील उदाहरण देऊन स्पष्ट करा. मी तो प्रश्न वाचला, पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं आणि पुढच्या प्रश्नाला गेले. माझ्या आजूबाजूला सगळे खाली मान घालून भराभर लिहीत होते. दुसऱ्या कुठल्याच पेपरला मी आमच्या वर्गाला इतकं भराभर लिहिताना बघितलं नव्हतं.

पेपर संपल्यावर मंगल माझ्याबरोबर कॅम्पात आली. तिला आईला भेटायचं होतं. त्या दिवसापासून ती अधूनमधून यायची, आणि आई कुणाशी मोकळी बोलत असेल तर तिच्याशी. आईने दोघींना वाढलं. मटकीची उसळ होती, गरम भाकरी होती. मंगलला भूक लागली होती, आणि ती नेहमीसारखी बोलत होती, मनात काही न ठेवता. बोलता बोलता म्हणाली, "मावशी, आज तुमच्यामुळे सगळा वर्ग पास. दुसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी तुमचंच लिहिलं. देवळालीची एक बाई, असं." मी तिच्या पायाला पाय लावला तोवर ते बोलून झालं होतं. मंगलचा घास हातातच राहिला.

आई भाकरी तव्यावर टाकत होती. तिने ती उलटली, फडक्याने दाबली, फुगू दिली. मग म्हणाली, "बरं झालं बाई. कुनाच्या तरी उपेगी आलं." भाकरी मंगलच्या ताटात घातली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू बी लिवलंस ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी तो प्रश्न सोडला."

"सोडला?" तिला खरंच वाईट वाटलं. "असं गं काय करतीस, शैले. समदी लिवत्यात अन् तू नाय? तुझीच आई ना मी? तुला तर पैकीच्या पैकी पडलं असतं."

आणि ती मला रागावली. मार्क घालवले म्हणून. अण्णांवर ती कधी रागावली नाही, मॅडमवर नाही, हसणाऱ्या पोरांवर नाही. माझ्यावर रागावली, आणि मंगलला म्हणाली, "हिला समजाव जरा." मी जेवण टाकून उठले आणि मोरीत हात धुवायला गेले. अण्णांवरचा आणि मॅडमवरचा राग मला नंतरच्या वर्षांत हळूहळू बोथट झालेला जाणवला. वय झालं की तसं होतं. पण त्या दिवशी मोरीत उभी असताना मला जो राग आला होता तो आईवरचा होता, आणि तो अजून तसाच आहे.